गिझरला घड्याळ बांधा: नाशिकच्या थंडीतलं वीजबिल

माझी भाची मिनेसोटात राहते. तिच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढी एक डबी आहे, प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट. त्या डबीत आठवड्याचं वेळापत्रक भरून ठेवायचं: उठायची वेळ, घराबाहेर पडायची, परतायची, झोपायची. घरात कोणी नसलं किंवा सगळे रजईत शिरले की तळघरातली भट्टी आपोआप मंद होते आणि उठायच्या आधी पुन्हा पेटते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा आहे की रोज आठ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० फॅरनहाइट अंशांनी सैल सोडलं, तर घर गरम-गार ठेवण्याच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. "मामा, तुमच्याकडे असं काही नसतं ना?" असं तिनं फोनवर विचारलं. म्हटलं, असतं की, बाथरूममध्ये डोक्यावर टांगलेलं असतं.

आपल्याकडे अख्खं घर कोणी तापवत नाही, पाणी तापवतो. गिझरच्या पोटात थर्मोस्टॅट असतोच. पाणी किती तापवायचं हे त्याला कळतं, कोणासाठी आणि कधी ते कळत नाही. ते कळण्यासाठी त्याला टायमर जोडायचा. झाला आपला प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट. अंबडच्या एका कारखान्यात स्विचगिअरची पॅनलं जोडण्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंतच्या नातेवाइकांत हे काम माझ्याच गळ्यात आहे. तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे फोन जरा कमी येतील.

आधी बिल उलगडा

दिवाळी सरली की निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा वाचून द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि आपण शहरात गिझर. मग जानेवारीचं बिल आलं की घरोघरी तोच संवाद: "मीटर पळतोय वाटतं." मीटर बहुधा बरोबरच असतो.

महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्याच्या वीज आकारापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीहून जास्त आहे आणि तिसऱ्याचा त्याहूनही वर. शिवाय प्रत्येक युनिटवर वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा), आणि सगळ्याच्या डोक्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दरानं करू नका. तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातलं, म्हणजे सर्वांत महागडं असतं. महिना २२० युनिट जाळणाऱ्या घरात वाचलेलं एकेक युनिट सगळं धरून दहा रुपयांच्या वरच पडतं. २० युनिट वाचले तर दोनशेच्या पुढे गेलात. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो. त्यात ऑक्टोबर आणि जानेवारी शेजारी ठेवा. मधला फरक बहुतेक सगळा गिझरचा असतो. हा फरक पंधरा-वीस युनिटांचाच असेल तर पुढचं वाचून करमणूक होईल, पैसे फारसे वाचणार नाहीत.

पाण्याचा हिशेब तोंडपाठ करा

सूत्र सोपं आहे: लिटर गुणिले किती अंश तापवायचं, भागिले ८६०. उत्तर येतं ते युनिट. (एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता, म्हणून ८६०.) जानेवारीच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी माझ्या थर्मामीटरवर १८ अंशांच्या आसपास येतं. ते ६० पर्यंत न्यायचं म्हणजे ४२ अंश. १५ लिटरच्या गिझरला १५ गुणिले ४२ भागिले ८६०, म्हणजे जवळजवळ पाऊण युनिट. २५ लिटरच्याला सव्वा युनिटाला थोडं कमी. गिझर २००० वॉटचा असेल तर पहिल्याला बावीस-तेवीस मिनिटं लागतात, दुसऱ्याला छत्तीस-सदतीस.

तुमच्या गिझरला याच्या दीडपट वेळ लागत असेल तर तो एकदा तपासून घ्या, कॉइलवर क्षार चढलेत का तेही बघायला सांगा. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानानं बरं. बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांत मात्र दोन-तीन वर्षांत कॉइल चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी होते. अशा वेळी आधी कॉइल साफ करून घ्या, टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉड संपला असेल तर बदला, मगच टायमरचं बघा.

आता थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा? इथे एक गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं, ६० चं ५० केलं की तेवढी वीज वाचली. बादलीत आपण गार पाणी मिसळतोच. अंगावर घ्यायचं पाणी ४०-४२ अंशांचं. ते ६० मध्ये जास्त गार मिसळून केलं काय आणि ५० मध्ये कमी मिसळून केलं काय, बादलीत शिरलेली उष्णता तीच. कमी ठेवून फायदा होतो तो दुसरीकडे: टाकीच्या भिंतीतून होणारी गळती घटते. आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यात जितका फरक, तितकी गळती जास्त. भाचीच्या घराचा नियमही हाच. भिंतीबाहेर बर्फ असतो, एवढंच.

पण कमी ठेवायलाही मर्यादा आहे. माझ्या आईची बादली वीस लिटरची, आणि तिला पाणी "कडकडीत" लागतं. एकदा बादलीत थर्मामीटर सोडून बसलो. ती हातानं ढवळत होती आणि "अजून, अजून" म्हणत होती. "पुरे" म्हणाली तेव्हा काटा ४२ वर होता. तिचं कडकडीत म्हणजे ४२. नळाचं पाणी १८, टाकीतलं ६०, तर या बादलीला गरम पाणी लागतं साधारण साडेअकरा लिटर. टाकीत ५० चंच पाणी असेल तर पंधरा लिटर, म्हणजे अख्खी टाकी. आणि टाकी कधीच शेवटच्या थेंबापर्यंत गरम पाणी देत नाही, कारण खालून गार पाणी शिरून मिसळत राहतं. म्हणून १५ लिटरच्या गिझरला जानेवारीत ५० वर ठेवलंत तर शेवटच्या तांब्यांना कुरकुर होणार. फेब्रुवारी सरला की नळाचं पाणीच २४-२५ वर येतं, मग ५० पुरतं.

तर थंडीत ६०, एरवी ५०. ज्यांच्या गिझरला बाहेर फिरवायचं बटण आहे त्यांनी तेच वापरावं. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या गिझरच्या खालच्या झाकणाच्या आत, थर्मोस्टॅटच्या डोक्यावर अंशांच्या खुणांची एक छोटी चकती असते. ती फिरवायला मेन स्विच बंद करून झाकण काढावं लागतं, आत उघड्या तारा असतात. हे काम वायरमनलाच सांगा. शेजारी दुसरं एक छोटं लाल बटण दिसेल, तो सुरक्षेचा कटआउट. त्याला हात लावू नका. तो वारंवार पडत असेल तर थर्मोस्टॅट बिघडलाय, बटण दाबत बसण्यात अर्थ नाही.

दोन इशारे. ६० अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, तेव्हा घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर बादलीत आधी गार पाणी घ्यायची सवय लावा. दुसरं, साठवलेलं कोमट पाणी जंतूंना मानवतं. आठ-पंधरा दिवस गावी जाऊन आलात तर गिझर एकदा ६० पर्यंत पूर्ण तापवा, ती टाकी सोडून द्या आणि मग आंघोळीला बसा. रोज रिकामी होणाऱ्या छोट्या टाकीला हा प्रश्न सहसा येत नाही.

शेवटच्या माणसाची टाकी

सगळ्या लेखातलं मुद्द्याचं हे आहे, म्हणून जरा सावकाश.

आमच्याकडे शेवटची आंघोळ आईची. ती बारा लिटरभर गरम पाणी घेते, तेवढंच गार पाणी टाकीत खालून शिरतं. ती बाहेर येऊन देवाची पितळी घासायला बसते आणि इकडे गिझरचा लाल दिवा पुन्हा लागतो. कोणासाठी? कोणासाठीच नाही. थर्मोस्टॅटला आंघोळी संपल्याचं ठाऊक नसतं. तो इमानानं बारा लिटर पुन्हा ६० पर्यंत तापवतो: अर्ध्या युनिटाहून जास्त वीज, रोज. घरातलं कोणीतरी तासाभरानं "अरे, गिझर चालूच!" म्हणत स्विच बंद करतं, तोवर काम झालेलं असतं.

म्हणून टायमरची बंद व्हायची वेळ शेवटची आंघोळ संपल्यावरची ठेवायची नाही. शेवटचा माणूस आत शिरतो तेव्हा गिझर बंद व्हायला हवा. टाकी भरलेली आणि तापलेली असते, त्याची आंघोळ त्यातच होते. मागे उरतं ते कोमट पाणी.

हे सांगितल्यावर नाशिकरोडची माझी बहीण चिडली होती. "दादा, तुझ्या टायमरपायी मी डिसेंबरात गार पाण्यानं आंघोळ करू का?" तिला म्हटलं, तू फक्त दिव्याकडे बघ. लाल दिवा विझला म्हणजे टाकी तयार. त्यानंतर स्विच चालू असो की बंद, तुझ्या बादलीला फरक पडत नाही. तिचा विश्वास बसला तो स्वतः स्विच बंद करून आंघोळ केल्यावरच.

आता यात वाचतं किती, हे तुमच्या टाकीवर अवलंबून आहे, आणि इथे मी दुकानदारासारखं बोलणार नाही. नवा पाच-तारा गिझर असेल तर त्याचं इन्सुलेशन जाड असतं. सकाळी उगाच तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी गरम असतं, म्हणजे ती वीज पूर्ण वाया जात नाही. तारांकनाच्या स्टिकरवर "स्टँडिंग लॉस" लिहिलेला असतो: पाणी आणि हवा यांत ४५ अंशांचा फरक ठेवला तर २४ तासांत नुसती गळती भरून काढायला किती युनिट लागतात ते. दुकानात गिझर घेताना लोक रंग बघतात, तो आकडा बघत नाहीत. गिझर दहा-बारा वर्षांचा असेल तर स्टिकर शोधू नका, सरळ परीक्षा घ्या. सकाळी पूर्ण तापवा, स्विच बंद करा, पाणी वापरू नका, संध्याकाळी सातला नळ सोडून थर्मामीटर धरा. ५० च्या वर असेल तर टाकी चांगली, टायमरनं थोडंच वाचेल. ४० च्या खाली उतरलं असेल तर टायमर एका हिवाळ्यात स्वतःची किंमत वसूल करतो. बाजूनं हात लावून टाकीचं पत्र्याचं अंग गरम लागलं, तर परीक्षासुद्धा नको.

वेळापत्रक

कागद घ्या. घरातला प्रत्येकजण खरोखर किती वाजता आंघोळ करतो ते लिहा. "मी सहाला उठतो" हे चालत नाही. आठवडाभर बाथरूमच्या दाराबाहेर कागद लटकवा आणि प्रत्येकाला वेळ टाकायला लावा. आमच्या चिरंजीवांची सहाची आंघोळ कागदावर पावणेसातला निघाली.

आमचा क्रम असा बसला: सूनबाई शाळेत शिकवते, तिची साडेपाचला. मग नातू, मुलगा, मी, सौभाग्यवती, आणि आई पूजेआधी आठला. २००० वॉटच्या १५ लिटर गिझरला एका बादलीनंतर पुन्हा तयार व्हायला सोळा-सतरा मिनिटं लागतात, म्हणून दोन आंघोळींत वीस मिनिटं सोडली आहेत. ३००० वॉटचा असेल तर बारा-तेरा मिनिटं पुरतात. टायमर ५:०५ ला चालू, ७:५५ ला बंद. बस.

मधे सूनबाई गेल्यावर अर्धा तास बंद, पुन्हा चालू, अशी नक्षी काढू नका. दोन आंघोळींत दोन तासांहून कमी अंतर असेल तर मधल्या वेळेत गळती इतकी थोडी असते की वाचतात ते पैसे मोजायलाही लागणार नाहीत. उलट कोणीतरी उशिरा उठलं की घरात तमाशा. एखाद्याची आंघोळ थेट संध्याकाळी, ड्युटीवरून आल्यावर असेल तर त्याच्यासाठी वेगळा टप्पा ठेवा: आंघोळीआधी पंचवीस मिनिटं चालू, तो आत शिरला की बंद.

आठवड्याचा टायमर असेल तर रविवार निराळा भरा. रविवारी सगळं दीड तास पुढे सरकतं आणि केस धुणाऱ्यांना दोन बादल्या लागतात.

ऋतूंचं वेळापत्रक मी सणांना बांधलंय, तारखा कोण लक्षात ठेवतो? कोजागिरी झाली की हिवाळी प्रोग्रॅम, थर्मोस्टॅट ६० वर. नरक चतुर्दशीला टायमर हातानं ओलांडायचा, कारण अभ्यंगस्नानाला सगळे चारलाच उठलेले असतात. संक्रांतीनंतर सुरुवातीची वेळ पाच मिनिटं उशिरा. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की ५० वर. गुढीपाडव्यानंतर गच्चीवरची टाकी उन्हानंच तापते, तेव्हा आईचा एक पंधरा मिनिटांचा टप्पा सोडून गिझर बंद. पावसाळ्यात शिवरात्रीचाच प्रोग्रॅम परत.

कोणता टायमर घ्यायचा

आधी अँपिअर. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, ३००० वॉटला तेरा. म्हणजे १६ अँपिअरचाच टायमर किंवा स्मार्ट प्लग हवा. दिव्यांच्या माळेसाठी मिळतात ते ६ किंवा १० अँपिअरचे प्लग गिझरला लावले तर प्लॅस्टिक वितळल्याचा वास आधी येईल, बचत नंतर. टायमरवर बारीक अक्षरांत कधी कधी १६(४) असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ गिझरसारख्या तापणाऱ्या कॉइलला १६ अँपिअर चालतील, मोटरला चारच. हे वाचल्याशिवाय तोच टायमर पाण्याच्या पंपाला लावू नका.

चार प्रकार बाजारात दिसतात. सर्वांत स्वस्त, गोल चकतीचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा. आजीलाही कळतो, पण वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं. अर्धा तास वीज गेली तर उद्यापासून सगळं अर्धा तास उशिरा. दर शनिवारी-रविवारी घड्याळ तपासायची तयारी असेल तरच घ्या. दुसरा डिजिटल, आठवड्याच्या प्रोग्रॅमचा, आत बॅटरी असलेला. तो डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीत, रेलवर बसतो आणि वीज गेली तरी वेळ विसरत नाही. माझी पसंती याला. गिझर ३००० वॉटचा असेल तर मी त्याच्या पुढे कॉन्टॅक्टर टाकतो, म्हणजे मोठा करंट कॉन्टॅक्टर उचलतो आणि टायमर फक्त हुकूम सोडतो. रोज तेरा अँपिअर तोडून टायमरचे पॉइंट जळतात, ते वाचतात. तिसरा वायफायचा स्मार्ट प्लग: मोबाइलवरून चालतो, किती युनिट जळाले तेही दाखवतो. घरात आधी मोजून बघायचं असेल तर हाच घ्यावा. पण राऊटर बंद पडला तरी आतलं वेळापत्रक चालतं का, ते विकत घेताना विचारा. काहींचं चालतं, काहींचं नाही. चौथा, दाबला की वीस-तीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा स्विच. भाडेकरूंसाठी आणि एकट्या राहणाऱ्यांसाठी तो पुरेसा आहे, त्यात प्रोग्रॅम वगैरे काही नाही.

बसवताना: टायमर बाथरूमच्या आत नको, वाफेनं खराब होतो. गिझरला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि अर्थिंग हवंच. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर वायरमन आलाच आहे तेव्हा तोही बसवून घ्या, टायमरपेक्षा त्याची गरज जास्त आहे. प्लग वापरत असाल तर वीस मिनिटांनी हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर सॉकेट ढिलं आहे, त्याच दिवशी बदला. गिझर चुकूनही इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवू नका.

स्वयंपाकघरातल्या एक लिटरच्या इन्स्टंट गिझरला टायमर लागत नाही, साठाच नाही तर वाया काय जाणार?

गच्चीवर सोलर असलेल्यांनी मात्र एक गोष्ट बघावी. सोलरच्या २०० लिटरच्या टाकीत बॅकअपची कॉइल असते. ढगाळ दिवशी ती कोणीतरी चालू करतं आणि विसरतं. २०० लिटर पाणी ३० अंश वर न्यायला सात युनिट लागतात. एका दुपारच्या विसरभोळेपणात आमच्या घरी गिझर थंडीत दोन दिवस जाळतो तेवढे. त्या कॉइलला टायमर हवाच, तोही पहाटेचा. संध्याकाळी तापवलंत तर रात्रभर गळती, आणि दुपारी तापवलंत तर उन्हाचं काम विजेनं केलंत.

एसी

याला बाहेरून टायमर लावायचा नाही. एसीची वीज मधेच तोडणं कंप्रेसरला मानवत नाही, आणि घड्याळ रिमोटमध्ये आधीच आहे. कोणी वापरत नाही, इतकंच. वायफाय नसलेल्या जुन्या एसीला वेळापत्रक हवंच असेल तर रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर मिळतो.

१ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू केल्यावर आपोआप २४ अंशांवर सुरू होतात, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा नियम. ब्युरोच्याच म्हणण्याप्रमाणे एक अंश वर गेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून वर पंखा लावा, २४ इतकंच गार वाटतं. खोली लवकर गार व्हावी म्हणून १८ करणाऱ्यांना सांगून थकलो: साधा एसी १८ वर ठेवा की २६ वर, गार करायचा वेग तोच. फक्त १८ वर तो थांबतच नाही.

तारांकनाच्या स्टिकरवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तासांसाठी. त्या आकड्याला १६०० नं भागा. समजा ८०० लिहिलंय, तर तासाला सरासरी अर्धं युनिट. आपल्या बेडरूमच्या रात्रीची किंमत एवढ्यावरून कळते.

आणि नाशिकचा फायदा घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी इथली रात्र मुंबईसारखी चिकट नसते. मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असते. म्हणून रात्री साडेदहाला २६ वर चालू, दोनला ऑफ-टायमर, पंखा चालूच. डासांची जाळी असलेली खिडकी झोपतानाच उघडून ठेवता येत नाही, हे खरं. त्यामुळे आमच्याकडे दोनला पाणी प्यायला उठणारा माणूस, म्हणजे मीच, खिडकी उघडतो. स्लीप मोड असेल तर तो तासातासाला अंशभर वर नेतो, पहाटे चादर ओढायची वेळ येत नाही.

फ्रिजच्या बटणाबद्दल एवढंच: १ ते ७ हे अंश नव्हेत, आकडा मोठा तितकं जास्त गार. मे महिन्यात ५ वर ठेवलेलं बटण जानेवारीतही ५ वरच असतं. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. ४ अंशांच्या आसपास आला म्हणजे बरोबर. २ दाखवत असेल तर बटण एक घर खाली.

स्मार्ट मीटर बसलेल्यांनी बिलावर टीओडीची (वेळेनुसार दराची) ओळ आहे का बघावी. दिवसा ९ ते ५ या वेळेतल्या युनिटला सवलत दिसत असेल तर वॉशिंग मशीन आणि इस्त्री त्या वेळेत ढकला. गिझर मात्र तसाच राहू द्या, त्या सवलतीसाठी आईला नऊनंतर आंघोळ करायला सांगायची माझी तरी छाती नाही.

सगळं बसवून झालं की प्रोग्रॅम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवा: चालू-बंदच्या वेळा, रविवारच्या वेळा, आणि पाहुणे आले तर टायमर ओलांडायला कोणतं बटण दाबायचं ते. ओलांडलेला टायमर पुन्हा ऑटोवर कसा आणायचा तेही त्याखालीच लिहा. लग्नसराईत पाहुणे जातात आणि गिझर फेब्रुवारीपर्यंत मॅन्युअलवर राहतो.